शेतावरची चित्रफीत : काय ठेवावे, काय छाटावे?



शेतीतली नवी गोष्ट पूर्वी गावात पोहोचायची ती बाजाराच्या दिवशी तोंडातोंडी, रेडिओवरून, नाहीतर शेजाऱ्याच्या बांधावरून. त्यात दूरदर्शनची भर पडली. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांसाठी 'कृषिदर्शन' सुरू झाले. पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात 'साईट' नावाच्या प्रयोगात उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. आपल्याकडे मुंबई दूरदर्शनचा 'आमची माती आमची माणसं' हा कार्यक्रम घरोघरी पाहिला जाऊ लागला. या सगळ्यात एक गोष्ट सारखी होती. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात असायचा आणि शेतकरी एक तर कॅमेऱ्यासमोर उभा असायचा, नाहीतर पडद्यासमोर बसलेला असायचा.

आज तो कॅमेरा आपल्या बंडीच्या खिशात आहे. घरातली बारावी शिकलेली मुलगी किंवा सून फोनवर चित्र घेते, त्याची जोडणी करते आणि संध्याकाळपर्यंत ते दहा गावांत पोहोचवते. ही मोठी सोय झाली. सोय जेवढी मोठी, तेवढी तिची जबाबदारीही मोठी. लग्नाच्या चित्रफितीत एखादा प्रसंग राहिला तर पाहुणे रुसतील, एवढेच. शेतीच्या चित्रफितीत औषधाचे प्रमाण सांगणारे एक वाक्य राहिले, तर ती पाहून काम करणाऱ्या कुणा अनोळखी शेतकऱ्याचा हंगाम जाईल.

चित्रफीत करायला शिकणे म्हणजे फोनवरची बटणे शिकणे, असे तरुण पोरांना वाटते. बटणे आठ दिवसांत येतात. खरी विद्या आहे ती संकलनाची, म्हणजे घेतलेल्या चित्रांतून काय ठेवायचे, काय छाटायचे आणि कोणत्या क्रमाने मांडायचे याची. द्राक्षाची काडी छाटणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. कात्री चालवणे कुणालाही जमते. कोणता डोळा राखायचा हे कळण्यासाठी मात्र वेल माहीत असावा लागतो.

पहिली फीत अंकुराची होती

ही विद्या आपल्या मातीला नवी नाही. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेतून कॅमेरा घेऊन आले. चित्रपट काढायला पैसा हवा होता, पण पैसेवाल्यांचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत राहिले. दाणा फुगला, मोड आला, वेल वर चढला. महिनाभराहून अधिक दिवसांची ती वाढ सुमारे मिनिटभराच्या फितीत दिसली. तिचे नाव 'अंकुराची वाढ'. ती पाहून भांडवल उभे राहण्याचा मार्ग मोकळा झाला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. कच्च्या फितीच्या कडेला भोके पाडणे, फीत रसायनात धुणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरचा स्वयंपाकपाणी सांभाळून करत.

तेव्हा आपल्या देशातील चित्रपटाच्या आरंभीच एका बियाण्याची उगवण आहे, हे शेतकऱ्याने अभिमानाने लक्षात ठेवावे. त्या फितीने आणखी एक धडा दिला. डोळ्यांना जे एका बैठकीत दिसत नाही, ते फीत दाखवू शकते. शेतीत तर निम्मी कामे अशीच असतात. आज बी टाकले की आठवड्याने ते उगवते, आज फवारले की चार दिवसांनी गुण दिसतो.

अक्षरओळख नसली तरी

'आम्हाला हे कसे जमणार?' असे काही भगिनी म्हणतील. त्यांच्यासाठी एक उदाहरण सांगतो. तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूर नावाचे गाव आहे. बिदरला लागून असलेला तो कोरडवाहू मुलूख ज्वारी-तुरीचा. तेथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून गरीब शेतकरी स्त्रियांचे संघम चालवते. दूरदर्शनचे माजी निर्माते पी. व्ही. सतीश तिच्या संस्थापकांपैकी एक. २०२३ साली त्यांचे निधन झाले. गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत या संघमच्या स्त्रियांना कॅमेरा आणि संकलन शिकवण्यात आले. त्यांतील बऱ्याचजणी दलित अल्पभूधारक कुटुंबांतल्या होत्या आणि कित्येकींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. पुढे २००१ साली त्यांची स्वतःची माध्यम संस्था उभी राहिली. वरंगळ भागातील बीटी कापसाच्या शेतकऱ्यांची व्यथा मांडणाऱ्या त्यांच्या फिती देशाबाहेरही दाखवल्या गेल्या.

या स्त्रियांनी कॅमेऱ्याच्या भाषेला आपली नावे दिली. माणूस खाली आणि कॅमेरा वरून बघतो, तर तो पाटलाचा शॉट, कारण पाटील आपल्याकडे असाच वरून बघतो. कॅमेरा खाली आणि माणूस वर, तर तो गड्याचा शॉट. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर असेल तर तो संघमचा शॉट, कारण संघमात सगळ्या एका जाजमावर बसतात. शेकडो रुपयांच्या इंग्रजी पुस्तकात याहून सोपे शिकवलेले नसेल. भांगलण करणाऱ्या बाईचे चित्र उभ्याने वरून घेऊ नका. तिच्या शेजारी बसा आणि तिच्या डोळ्यांच्या पातळीवर फोन धरा. तिचे हात, खुरपे आणि तण तिघेही नीट दिसतील आणि तिचा मानही राहील.

विषय लहान घ्या

पहिल्याच फितीत 'सोयाबीन लागवड ते काढणी' घेऊ नका. एका फितीत एकच काम असावे. उदाहरणासाठी आपण 'घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती तपासणे' हा विषय घेऊ. २०२० च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या होत्या, हे आपणांस आठवत असेल. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण पातळ असते. मळणीत, वाहतुकीत, पोती आदळण्यात ते दुखावते आणि वरून चांगले दिसणारे बी मातीत कुजते. गोणपाटाच्या तुकड्यावर आठवडाभर तपासणी केली तर पेरणीआधीच खरे कळते.

कॅमेरा काढण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. काम टप्प्याटप्प्याने लिहा. हेच फितीचे लेखन. आपल्या विषयाचे टप्पे असे येतील :

१. साठवलेल्या पोत्यांच्या वरून, मधून आणि तळातून थोडे थोडे बी काढून मिसळणे.

२. त्यातून निवड न करता सरसकट १०० दाणे मोजणे.

३. धुतलेल्या ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडणे.

४. वरून दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करणे, सावलीत ठेवणे, रोज पाणी शिंपडून ओल टिकवणे. असे किमान तीन संच करावेत.

५. सहा-सात दिवसांनी उघडून सशक्त मोडांचीच मोजणी करणे आणि तिन्ही संचांची सरासरी काढणे.

६. पेरणीचे प्रमाण ठरवणे. सरासरी ७० किंवा अधिक आली तर एकरी ३० किलो. ६० आली तर ३० गुणिले ७०, भागिले ६०, म्हणजे एकरी ३५ किलो. फारच कमी आली तर ते बी पेरणीला वापरू नये.

सहा टप्पे, चार मिनिटांची फीत. प्रत्येक टप्प्यापुढे दोन गोष्टी लिहा : 'काय दिसेल' आणि 'काय ऐकू येईल'. या कागदावर घालवलेला अर्धा तास पुढे दोन दिवस वाचवतो.

चित्र कसे घ्यावे

फोन आडवा धरा. शेताची रुंदी आडव्या चौकटीत बसते, आणि पुढे गावात भिंतीवर दाखवायचे झाल्यास आडवे चित्रच भरून दिसते. सुरुवात करण्याआधी तीन सवयी लावून घ्या. फोनची काच मऊ सुती फडक्याने पुसावी, फोन विमान-अवस्थेत टाकावा म्हणजे मध्येच कुणाचा फोन येत नाही, आणि जागा किती शिल्लक आहे ते बघावे. साधारण चांगल्या दर्जाच्या म्हणजे १०८० रेषांच्या चित्राला मिनिटाला शंभर ते दीडशे एमबी जागा लागते, असा हिशोब धरा.

हात हलला की चित्र हलते. तिपाई काही शे रुपयांत मिळते. नसेल तर ज्वारीची लहान पिशवी अर्धी भरून विटेवर ठेवावी आणि तिच्यात फोन रोवावा. पिशवी फोनला घट्ट धरते. चित्र सुरू केल्यावर मनात दहा आकडे मोजा आणि मगच थांबवा. नवशिक्यांची फीत बिघडते ती याच ठिकाणी. ते कॅमेरा पाण्याच्या पाटासारखा इकडून तिकडे फिरवत राहतात आणि पाहणाऱ्याची नजर कुठेच ठरत नाही.

प्रत्येक टप्प्याची तीन तरी चित्रे घ्या. एक लांबून, ज्यात जागा आणि माणूस कळेल. एक मधल्या अंतरावरून, ज्यात माणूस आणि काम कळेल. एक अगदी जवळून, ज्यात फक्त हात आणि दाणे दिसतील. शेतीच्या फितीत जवळचे चित्र सर्वांत मोलाचे, कारण शिकणारा हाताकडे बघून शिकतो. दाणे मांडणाऱ्या बाईच्या खांद्यामागून एक चित्र अवश्य घ्या, म्हणजे पाहणाऱ्याला ते काम आपल्याच हातून होत असल्यासारखे वाटते.

उजेड सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर चांगला. भर दुपारी टोपीची किंवा पदराची सावली चेहऱ्यावर काळी पडते. सूर्य शक्यतो चित्र घेणाऱ्याच्या पाठीशी किंवा बाजूला असावा. पडद्यावर ज्या वस्तूवर लक्ष हवे तिथे बोट दाबून धरले, की बऱ्याच फोनमध्ये उजेड आणि स्पष्टपणा तिथेच कायम होतो. घरात नळीच्या दिव्याखाली चित्र घेताना कधी कधी चित्र फडफडते. आपल्या विजेची आवर्तने सेकंदाला ५० असतात आणि फोन बहुधा सेकंदाला ३० चित्रे घेत असतो. त्यांचा मेळ बसत नाही. फोनमध्ये सोय असेल तर सेकंदाला २५ चित्रे ठरवावीत. नसेल तर काम दारात, दिवसाच्या उजेडात करावे.

फाळक्यांसारखी अंकुराची वाढ दाखवायची हौस असेल तर तीही पुरी होते. काचेच्या पेल्यात ओल्या कापसावर दोन दाणे ठेवा, समोर जुना फोन चार्जरला लावून पक्का बसवा आणि दर अर्ध्या तासाला एक चित्र, असे सात दिवस घ्या. रात्रीही एक दिवा सुरू ठेवावा. दिवसाला ४८ प्रमाणे ३३६ चित्रे होतात. सेकंदाला २५ प्रमाणे जोडली की तेरा-साडेतेरा सेकंदांची वाढ दिसते. आपल्या फितीला तेवढी पुरेशी आहे.

आवाजाकडे दुर्लक्ष नको

चित्र थोडे कमी-जास्त असले तरी लोक बघतात. आवाज कळला नाही तर फीत बंद करतात. शेतात वाऱ्याचा घोंगाट, पंपाची धडधड, रस्त्यावरचा ट्रॅक्टर हे सगळे आवाजात उतरते आणि नंतर पुरते काढता येत नाही. म्हणून पंप बंद करून, वारा पडलेला असताना बोलावे. गळपट्टीला लावायचा तारेचा माईक स्वस्त असतो. त्यावर स्पंजाची टोपी किंवा पातळ सुती चिंधी बांधली की वारा अडतो. माईक नसेल तर दुसरा फोन बोलणाऱ्याच्या वरच्या खिशात आवाज घेत ठेवा. दोन्ही फोन सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. संकलनाच्या वेळी दिसणारी टाळी आणि ऐकू येणारी टाळी एका रेषेत आणली, की सगळे बोलणे जुळते.

बोलणाऱ्याने घरात बोलतो तसेच बोलावे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी जी असेल ती बोली ठेवा. पुस्तकी भाषेचा आव आणला की शेजारीच परका वाटू लागतो.

आता छाटणी

सात दिवसांत चाळीस-पन्नास मिनिटांची चित्रे जमतील. त्यांतून चार मिनिटे ठेवायची आहेत. फोनवरच काम करायचे असेल तर काईनमास्टरसारखे ॲप चालते. त्याची फुकट आवृत्ती फितीवर आपली खूण उमटवते, एवढे ध्यानात ठेवा. घरी संगणक असेल तर शॉटकट आणि केडेनलाईव्ह ही दोन्ही साधने पूर्ण मोफत आहेत. साधन कोणतेही असो, कामाचा क्रम हाच :

पहिले काम साठवणीचे. रोजची चित्रे त्या तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि सगळ्याची एक जादा प्रत दुसरीकडे ठेवा. मूळ चित्रांना हात लावू नये. बियाण्याचे मूळ पोते जसे वेगळे राखतो तसेच हे.

दुसरे, सगळी चित्रे एकदा शांतपणे बघा आणि चांगल्या-वाईटाची नोंद वहीत करा. हा कंटाळवाणा भाग आहे, पण तो टाळणाऱ्याला पुढे चित्र सापडत नाही.

तिसरे, आधी फक्त आवाज लावा. बोलण्यातली अडखळ, पुनरुक्ती, लांबण काढा आणि डोळे मिटून ऐका. नुसत्या ऐकण्यावरून काम समजले पाहिजे. मग त्या आवाजावर चित्रे बसवा. 'शंभर दाणे मोजा' हे शब्द ऐकू येताना बोलणाऱ्याचे तोंड दाखवण्यापेक्षा मोजणारी बोटे दाखवा.

चौथे, बोलण्यातून मधले वाक्य काढले की चेहरा टुणकन उडी मारल्यासारखा हलतो. त्या जागेवर हाताचे किंवा गोणपाटाचे जवळचे चित्र टाका. उडी झाकली जाते. जवळची चित्रे भरपूर घ्या असे वर सांगितले ते यासाठीही.

पाचवे, दिवस पालटल्याचे पडद्यावर लिहा : 'दिवस १', 'दिवस ३', 'दिवस ७'. नाहीतर ओली गुंडाळी दिसते न दिसते तोच मोड दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटते, दोन दिवसांत उगवण होते.

सहावे, आकडे बोलून दाखवा आणि पडद्यावरही लिहा. मोठ्या अक्षरांत आणि दोनदा वाचता येतील इतका वेळ. 'एकरी ३० किलो' असे एककासह लिहा. नुसते 'तीस किलो' लिहिले तर कुणी हेक्टरला धरेल. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर.

सातवे, संगीत असलेच तर बोलण्याखाली दबलेले असावे. सिनेमाची गाणी लावू नयेत, त्यांवर दुसऱ्याचा हक्क असतो. घरच्या आजीने जात्यावर म्हटलेली ओवी तिला विचारून लावली तर त्याहून गोड काय असणार? उडत्या-फिरत्या अक्षरांचे आणि रंगीबेरंगी चमत्कारांचे खेळ पोरांना आवडतात. शेतीच्या फितीत ते तणासारखेच समजावेत.

क्रम बदलला की अर्थ बदलतो

साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाच्या चेहऱ्याचे एकच चित्र वेगवेगळ्या चित्रांशेजारी जोडून दाखवले, असे सांगतात. ताटलीशेजारी तो चेहरा पाहणाऱ्यांना भुकेला वाटला, शवपेटीशेजारी दुःखी वाटला. चेहरा तोच होता, फक्त शेजार बदलला होता.

ही गोष्ट सिनेमात गमतीची आहे, शेतीत धोक्याची. पिवळे पडलेले शेत, मग औषधाची बाटली, मग हिरवेगार शेत अशी तीन चित्रे शेजारी ठेवली की पाहणारा स्वतःच म्हणतो, 'बाटलीने गुण आला!' मध्ये दोन पाऊस झाले असतील, युरिया टाकला असेल, किंवा तिसरे शेत भलतेच असेल. फितीत एकही खोटे वाक्य नसताना खोटे सांगून झाले. बाजारात फिरणाऱ्या कितीतरी फिती अशाच जोडलेल्या असतात, आणि कापू-जोडू शिकलेला माणूस त्या चटकन ओळखतो. ही विद्या घरात यावी याचे हेही एक मोठे कारण आहे.

आपण स्वतः फीत करताना यावर उपाय जुनाच आहे. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटमध्ये आम्ही दोन ओळी उपचाराविना सोडतो, तशा सोडा. दोन्हींचे चित्र एकाच दिवशी, एकाच चौकटीत घ्या आणि पडद्यावर तारीख लिहा. फरक असेल तर दिसेल. नसेल तर तसे सांगा. तेही शेजाऱ्याच्या उपयोगाचेच आहे.

या पाच गोष्टींना कात्री लावू नका

फीत लांबते म्हणून काही काढायचे झाले, तरी पुढील गोष्टी काढू नयेत.

एक, ठिकाण, तारीख, जमिनीचा प्रकार आणि पाण्याची सोय. काळ्या भारी जमिनीतला अनुभव मुरमाड माळावर चालत नाही.

दोन, पिकाचा वाण आणि पिकाचे वय.

तीन, प्रमाण आणि त्याचे एकक. फवारणी असेल तर किती लिटर पाण्याला किती मिलिलिटर आणि पंप कोणता, हे सगळे. शिवाय औषधाच्या वेष्टनावर ज्या पिकाचे आणि किडीचे नाव आहे, त्याबाहेरचा वापर दाखवू नये.

चार, सुरक्षितता. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फितीत उघड्या हाताने औषध ढवळताना दाखवले, तर तोंडाने कितीही सूचना दिल्या तरी पाहणारा उघडे हातच शिकतो. हातमोजे, तोंडाला आवरण, अंगभर कपडे, वाऱ्याकडे पाठ हे चित्रात असलेच पाहिजे.

पाच, खर्च आणि फसलेला भाग. आपल्या तीन संचांपैकी एक संच सुकला आणि त्यात मोडच आले नाहीत, तर ते चित्र टाकून देऊ नका. 'ओल गेली की असे होते' हे दाखवणारा त्याहून चांगला पाठ नाही.

आपल्या उदाहरणात 'निवड न करता सरसकट दाणे घ्या' हे दृश्य सर्वांत नीरस आहे. पोत्यात हात घालून मूठ काढणे, यात बघण्यासारखे काय? संकलन करणाऱ्याला ते पहिल्यांदा कापावेसे वाटते. पण ते गेले की पाहणारा टपोरे दाणे निवडून तपासणी करील, नव्वद टक्के उगवण मोजील आणि पेरणीत फसेल. कंटाळवाणे दृश्य आणि निरुपयोगी दृश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कळला की संकलन आले म्हणावे.

दाखवावी कशी?

फीत पुरी झाली की लगेच पाठवू नका. आधी ते काम जाणणाऱ्या एकाला आणि अजिबात न जाणणाऱ्या एकाला दाखवा. जाणणारा चूक काढील. न जाणणाऱ्याला फीत संपल्यावर म्हणावे, 'आता करून दाखव.' तो जिथे अडेल तिथे आपली फीत कमी पडली. शंका असेल तर सहायक कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून आकडे तपासून घ्यावेत. पाठवलेली फीत परत बोलावता येत नाही.

ज्यांचे चित्र घ्याल त्यांची परवानगी घ्या, विशेषतः मजूर भगिनींची आणि मुलांच्या आईबापांची. झालेली फीत आधी त्यांना दाखवा.

फोनवर एकट्याने बघण्यापेक्षा दहा-पंधरा जणांनी एकत्र बघणे अधिक उपयोगी. २००६ साली बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रात 'डिजिटल ग्रीन' हा प्रयोग सुरू झाला आणि नंतर त्याची स्वतंत्र संस्था झाली. गावच्याच शेतकऱ्यांच्या फिती बनवायच्या, गटात दाखवायच्या, गावातीलच एका माणसाने मध्येमध्ये फीत थांबवून प्रश्न विचारायचे, अशी ती पद्धत. फितीतला शेतकरी कोण आणि कुठल्या गावचा, हे लोक हमखास विचारत, असा त्यांचा अनुभव. आपल्यासारखाच माणूस ते काम करताना दिसला की विश्वास बसतो. बचत गटाच्या बैठकीत भिंतीवर पांढरी चादर लावून हे सहज करता येईल. टप्पा संपला की फीत थांबवा आणि विचारा, 'आपल्याकडे हे कसे करतात?' उत्तरांतून पुढच्या फितीचा विषय मिळेल.

आठवड्याचा अभ्यास

घरातल्या मुलामुलींनी असा सराव करावा. पहिल्या दिवशी एकाच जागेवरून दहा स्थिर चित्रे. दुसऱ्या दिवशी चहा करण्याचे काम लांबून, मधून आणि जवळून. तिसऱ्या दिवशी आईची किंवा आजोबांची दोन मिनिटांची मुलाखत, लक्ष फक्त आवाजावर. चौथ्या दिवशी त्या मुलाखतीचे अर्धे मिनिट करणे, पण अर्थ न बदलता. पाचव्या दिवशी तिच्यावर चित्रे बसवणे. सहाव्या दिवशी अक्षरे आणि आकडे. सातव्या दिवशी घरच्यांना दाखवून चुका वहीत उतरवणे. चौथ्या दिवसाचा धडा सर्वांत अवघड आहे. तो पुन्हा पुन्हा करावा.

सोयाबीनचे बी तपासायला एप्रिल-मे हे महिने योग्य. गोणपाट घरात आहे, बी पोत्यात आहे, फोन हातात आहे. या वर्षी तपासणी करताना तिची फीतही घ्या. पेरणीच्या दिवसांत ती आपल्या गटात दाखवा, आणि पुढच्या वर्षी ती पाहून किती घरांत गोणपाटावर दाणे मांडले गेले ते मोजा. फीत किती जणांनी पाहिली यापेक्षा हा आकडा आपल्या कामाचा आहे.